गिअरबॉक्स कूलरचा पाइप गळतोय: घरी दुरुस्त करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडला राहता, दहा वर्षं जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही सेकंड हँड घेतली आहे. सकाळी गाडी काढली की अंगणात रुपयाएवढे दोन-तीन लाल डाग दिसतात. जवळच्या गॅरेजमध्ये दाखवलं तर गिअरबॉक्समधून रेडिएटरकडे जाणारा ऑइलचा पाइप गळतोय म्हणाले. अख्खा पाइप मागवावा लागेल, यायला तीन आठवडे. तोवर गळणारा तुकडा कापून मध्ये रबरी होज घातला आणि दोन क्लिपा आवळल्या तर चालेल का? हत्यारं घरात आहेत, हाताला सवय आहे.

चालेल. पण पाइपाचं टोक नीट तयार केलं तर, आणि काम संपल्यावर गिअरबॉक्सची ऑइल लेव्हल बरोबर भरली तर. यातलं एक जरी जमणार नसेल तर तीन आठवडे गाडी उभी ठेवा. मी कोल्हापुरात उद्यमनगरला बावीस वर्षं हे काम करतोय. जळालेला गिअरबॉक्स टेबलावर खोलून बसलो की मालकाला पहिला प्रश्न विचारतो, 'खाली ऑइल पडत होतं का?' आणि फार वेळा उत्तर येतं, 'होय, थोडं थोडं पडत होतं.'

सगळ्यात आधी डाग कशाचा आहे ते नक्की करा. लाल दिसलं म्हणजे गिअरबॉक्सचंच, असं धरून चालू नका. काही गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगलाही हेच लाल ऑइल असतं, आणि बऱ्याच गाड्यांचा कुलंट लाल किंवा गुलाबी असतो. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका. सकाळी त्यावरचा थेंब बोटावर घ्या आणि वाटीभर पाण्यात बुडवा. कुलंट पाण्यात विरघळून जातो, ऑइल वर तवंग धरतं. कुलंट बोटाला चिकटसर लागतो आणि वास गोडसर येतो. गिअरबॉक्सचं ऑइल पातळ, गुळगुळीत. ते काळपट तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर पाइप बदलून सुटणारं दुखणं नाही, गाडी जाणकाराला दाखवा.

आता बॉनेट उघडून कुलंटची टाकी बघा, आणि गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, असेल तर तीही काढून बघा. ऑइल सोलकढीसारखं गुलाबी-दुधट दिसलं, किंवा कुलंटवर तेलाचा थर दिसला, तर इंजिन चालूसुद्धा करू नका. याचा अर्थ रेडिएटरच्या आतला कूलर फुटलाय आणि दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतायत. कुलंटमधलं ग्लायकॉल आणि पाणी क्लच प्लेटांवरचं अस्तर सोडवतं. तिथे रेडिएटर बदलणं आणि गिअरबॉक्स धुऊन काढणं हाच उपाय. ते अंगणात होणारं काम नव्हे.

ज्यांची गाडी वेगळी आहे त्यांच्यासाठी एक खुलासा. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या 'ऑटोमॅटिक' गाड्या एएमटी असतात, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच दाबायला यंत्र. त्यांना ऑइल कूलरचे पाइप नसतातच. सीव्हीटीला, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, कूलर असतो, पण ऑइल पूर्ण वेगळं आणि रचनाही कधी कधी वेगळी. मी इथे लिहितोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल. तुमची गाडी त्यातली आहे.

या पाइपातून काय वाहतं ते एकदा समजून घ्या. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग. त्यात ऑइल घुसळलं जाऊन तापतं. ते तापलेलं ऑइल एका पाइपाने रेडिएटरमधल्या किंवा रेडिएटरच्या पुढच्या छोट्या कूलरमध्ये जातं आणि थंड होऊन दुसऱ्या पाइपाने परत येतं. पाइप बहुधा 8 किंवा 10 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे, पोलादी, आणि इंजिन हलतं म्हणून अधेमधे रबरी होज. दाब ब्रेकच्या पाइपाच्या मानाने काहीच नाही, साधारण 2 ते 7 बार. तापमान नेहमीच्या चालीत 80 ते 95 अंश, घाटात त्याहून वर. दाब कमी म्हणून लोक हे काम हलक्यात घेतात. पण वाहणारं ऑइल किती? चांगल्या गिअरबॉक्समधून आयडलवरसुद्धा मिनिटाला साधारण 3 लिटर या पाइपातून फिरतं. होज निसटला तर गिअरबॉक्सच्या चेंबरमधलं चार-पाच लिटर ऑइल दोन मिनिटांत रस्त्यावर येतं. तेही गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर पेट घेऊ शकतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गॅरेज टाकल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका गाडीचा असाच गळका तुकडा मी कापला, होज चढवला, दोन्ही बाजूंना क्लिपा करकचून आवळल्या. टोकं मात्र गुळगुळीत सरळ ठेवली. गॅरेजमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवून बघितलं, एक थेंब नाही. ती गाडी आठ दिवसांनी फोंडा घाट चढत असताना एका टोकावरून होज सरकला. मालकाला वाटलं इंजिन नुसतंच रेस होतंय, आणि पुढचं वळण गाठावं म्हणून त्यांनी पाय दाबला. तेवढ्यात क्लच प्लेटा गेल्या. गिअरबॉक्स मी पदरमोड करून बांधून दिला. पण त्या कुटुंबाला रात्री घाटात उभं राहावं लागलं, ते अजून मनातून जात नाही. त्यानंतर तोंडाशी कडं, म्हणजे गोल फुगवटा, न काढलेल्या पाइपावर मी कधीच होज चढवला नाही.

गळती नक्की कुठे आहे हे शोधायला घाई करू नका. गाडी पळते तेव्हा वाऱ्याने ऑइल मागे उडतं, त्यामुळे सगळ्यात ओली दिसते ती जागा बहुधा गळतीची नसते. पाइप डिझेलने किंवा डिग्रीझरने धुवा, फडक्याने कोरडा करा, वरून टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी दहा मिनिटं चालवून या आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पावडरीवर लाल ओघळ जिथून सुरू होतो, सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा, तीच जागा.

तुमच्या किनाऱ्यावर पहिला संशय मी पाइप धरणाऱ्या क्लिपांवर घेतो. क्लिपेखाली चिखल साचतो, खारी हवा त्यात ओल धरून ठेवते, आणि वरून पाइप चांगला दिसत असला तरी क्लिप काढली की खाली पोपडे सुटलेले असतात. दुसरी जागा म्हणजे होज पाइपावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीची कड, तिथे रबर कडक होऊन झिरपायला लागतं. तिसरी रेडिएटरपाशी. तिथे स्प्रिंगच्या बारीक क्लिपेचं, दाबून बसणारं कनेक्शन असेल तर आतली ओ-रिंगच गेलेली असू शकते. मग पाइप कापायची गरज नाही, पाच-दहा रुपयांच्या ओ-रिंगमध्ये काम होतं. फक्त ती नायट्राइल किंवा व्हायटनची हवी. नळाच्या दुकानातली पाण्याची ओ-रिंग तेलात फुगते. पावसाळ्यात उंदराने होज कुरतडलेलाही मी दोन-तीनदा पाहिलाय.

खिळ्याच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने गंजलेला भाग खरवडून बघा. गंज फक्त दोन-चार सेंटिमीटरमध्ये असेल आणि दोन्हीकडे टणक, गोल पाइप उरत असेल तरच तुकडा बदला. वीतभर जागा पोखरलेली असेल तर अख्खा पाइपच हवा.

आता गाडीखाली जायचं आहे, तर हे माझ्यासाठी म्हणून नीट ऐका. कोकणात जॅक लावून बाजूला जांभ्याचा चिरा टेकवायची पद्धत मी पाहिली आहे. चिरा भारानं अचानक भुगा होतो, आधी कसलीही सूचना देत नाही. लोखंडी स्टँड आणा, नाहीतर भाड्याने घ्या. गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक, चाकांना लाकडी ठोकळे. आणि इंजिन पूर्ण थंड. संध्याकाळी गाडी लावली असेल तर काम सकाळी.

सामान सांगतो. होज कोणता, यावरच निम्मं काम आहे. पाण्याचा हीटर होज अजिबात नको. त्याचं रबर खनिज तेलात फुगून मऊ पडतं. पेट्रोलचा साधा होजही नको, तो या तापमानाला फार दिवस टिकत नाही. ट्रान्समिशन ऑइल कूलरचा म्हणून वेगळा होज येतो, त्यावर 'एसएई जे 1532' छापलेलं असतं. तो मिळाला नाही तर कणकवलीत किंवा कुडाळला जेसीबीचे होज करून देणाऱ्या दुकानात जा. तिथे तेलासाठीचाच माल असतो, दाबाची चिंता नाही. तापमान मात्र वाचून घ्या. साधा हायड्रॉलिक होज 100 अंशांपर्यंतचा असतो आणि तुम्हाला घाट चढायचा आहे, म्हणून 120-125 अंशांचा मागा. त्यातला तारेच्या जाळीचा जाड होज क्लिपेने नीट दबत नाही, त्याची टोकं दुकानातच मशीनवर दाबून घ्यावी लागतात. होजचं आतलं माप म्हणजे पाइपाचं बाहेरचं माप. अर्धा मिलिमीटर सैल असला तरी घेऊ नका.

पाइप हॅकसॉने कापू नका, छोटा पाइप कटर वापरा. हॅकसॉचा बारीक चुरा आत गेला की तो ऑइलबरोबर फिरून गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलायला ऑइल इकडे-तिकडे सोडणाऱ्या भागात, जातो, आणि तिथल्या फटी केसाहून बारीक असतात. कापण्याआधी पाइपावर खुणेची टेप लावा, कोणता जाणारा आणि कोणता येणारा. खाली स्वच्छ कोरडं भांडं ठेवा. जेवढं ऑइल पडेल तेवढं मापाच्या बाटलीत भरून ठेवा, पुढे उपयोग आहे. उघडी टोकं रबरी हातमोज्याचं एकेक बोट कापून बांधून टाका.

आता ते टोक. फ्रिज आणि एसीवाल्यांकडे फ्लेअरिंगचं, म्हणजे पाइपाचं तोंड पसरवायचं, हत्यार असतं, पण त्यांचं साधं हत्यार तांब्याच्या पाइपासाठी असतं. पोलादी पाइपावर त्याने फ्लेअर काढला की कड चिरते. तुम्हाला हवा ब्रेक पाइपाचा डबल फ्लेअर काढायचा सेट. त्याची पट्टी पाइपावर आवळायची, पाइप किती वर ठेवायचा ते सेटमधल्या त्या मापाच्या बटणाच्या (बटणासारखा छोटा ठोकळा) जाडीवरून घ्यायचं, बटण पाइपात घालून वरून स्क्रू फिरवायचा. डबल फ्लेअरमध्ये ही पहिली पायरी असते, आणि आपल्याला इथेच थांबायचं आहे. पट्टी उघडली की पाइपाच्या तोंडाशी एक गोल फुगवटा आलेला दिसेल, बांगडीच्या कडेसारखा. नखाने चाचपून बघा, सगळीकडे सारखा हवा, एका बाजूला चीर नको. हे कडंच होजला सरकू देत नाही. पहिले दोन फुगवटे तुम्ही कापून काढलेल्या चांगल्या तुकड्यावर करून बघा. गाडीवरच्या पाइपाला तेवढी लांबी पुन्हा मिळणार नाही.

पाइपाचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढा. होजच्या आत तेच ट्रान्समिशन ऑइल बोटाने लावा. ग्रीस नको, साबणाचं पाणी नको. कड्याच्या पलीकडे निदान 25 मिलिमीटर चढला पाहिजे. आधीच पाइपावर खूण करून ठेवली तर किती चढला ते कळतं. क्लिप कड्याच्या मागे चार-पाच मिलिमीटरवर. कड्यावर बसवली तर रबर कापलं जाईल, अगदी टोकाला बसवली तर उपयोग नाही. छिद्रं पाडलेल्या पट्टीची स्वस्त क्लिप रबरात रुतते, म्हणून गुळगुळीत पट्टीची, फ्युएल इंजेक्शनसाठी येते ती घ्या. रबर क्लिपेच्या दोन्ही बाजूंना किंचित फुगलं की थांबा. होज शक्य तितका आखूड, पीळ न पडलेला, सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं तरी लांब आणि पंख्याच्या वाटेत नाही, असा बांधा.

दुसरा मार्ग आहे, आणि पाइप सरळ भागात गंजला असेल तर मला तोच जास्त आवडतो. तेवढ्याच मापाचा पोलादी तुकडा आणि दोन टोकांना हायड्रॉलिकवाल्यांचं एर्मेटो फिटिंग. त्यातली पोलादी रिंग नट आवळला की पाइपात दात रोवते. प्लंबरचं पितळी कॉम्प्रेशन फिटिंग दिसायला तसंच असतं, पण त्याची मऊ रिंग पोलादाला धरत नाही आणि इंजिनाच्या थरथरीने ढिली होते. एसीचा तांब्याचा पाइपही घालू नका. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस वाकणाशी तडकतं. एम-सील? तेलकट, तापणाऱ्या पाइपावर ते घाटाच्या पायथ्यापर्यंतही भरवशाचं नाही. जागच्या जागी वेल्डिंग तर मुळीच नको, आत आणि बाहेर दोन्हीकडे तेल आहे.

रेडिएटरपाशी नट सोडायची वेळ आली तर दोन पाने लागतात. एकाने रेडिएटरचं फिटिंग जागेवर धरा, दुसऱ्याने पाइपाचा नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावलात की आतला कूलर पिळला जातो, आणि मग सोलकढी. फ्लेअरच्या नटाला आणि ओ-रिंगच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे आटे सील करत नाहीत, आणि टेपचा तुटलेला तुकडा ऑइलमधून आत जाऊन अडकतो. एखादा हुशार माणूस सल्ला देईल की दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाका, कूलर बाजूला पडेल, गळती बंद. गाडी सपाटीवर चालेलही. करूळ घाटात ऑइल इतकं तापेल की ते जळेल.

उरलं ऑइल भरणं, आणि इथे मी सगळ्यात जास्त चुका पाहिल्या. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जे नाव दिलंय तेच घ्या: टोयोटा डब्ल्यूएस, डेक्सरॉन 6, मर्कॉन एलव्ही, होंडा डीडब्ल्यू-1, जे असेल ते. सगळी लाल असतात म्हणून सगळी सारखी नसतात. दुकानदार 'हे सगळ्यांना चालतं' म्हणाला तरी डब्यावर तुमच्या गाडीच्या ऑइलचं नाव छापलेलं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाटलीत मोजलेलं जेवढं ऑइल पडलं, तेवढं आधी भरा. मग महिनाभर अंगणात गळालेल्याचा हिशोब उरतो, तो लेव्हल बघूनच लागतो. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पी मध्ये, गरम झाल्यावर 'हॉट' खुणेवर बघतात. काहींत इंजिन बंद करून लगेच बघतात, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्याआधी ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असे सगळे गिअर दोन-तीन सेकंद फिरवून घ्या, म्हणजे रिकाम्या पाइपात ऑइल भरतं. खुणेच्या वर भरू नका. जास्त ऑइल फिरणाऱ्या भागांत घुसळून फेस धरतं, आणि फेस झालेल्या ऑइलला दाब धरता येत नाही.

डिपस्टिक नसेल, तर गिअरबॉक्सच्या अंगाला लेव्हलचा बोल्ट असतो. त्याची पद्धत म्हणजे ऑइल ठराविक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत 35 ते 45 अंशांच्या दरम्यान, असताना इंजिन चालू ठेवून बोल्ट उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. तापमान गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवरच नीट कळतं आणि गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली लागते. एवढा एक भाग घरी करू नका असंच मी सांगेन. बाटलीच्या मापाने भरा, गळती थांबली याची खात्री करा, आणि हळू चालवत गॅरेजमध्ये जाऊन लेव्हल करून घ्या. डी टाकल्यावर गाडी एक-दोन सेकंद उशिरा उचलत असेल किंवा चढाला इंजिन रेस होऊन वेग येत नसेल, तर तेवढंही चालवू नका. न्यायची तर सपाट ट्रकवर चढवून न्या. गिअरबॉक्स ज्या चाकांना फिरवतो ती रस्त्यावर ठेवून ओढली तर आतला पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा फिरतो.

निघालेलं जुनं ऑइल विहिरीजवळ किंवा कलमांच्या बुडाशी ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल घेणाऱ्याकडे जातं.

सगळं झालं की इंजिन चालू करून एक मिनिट, मग पाच मिनिटं, जोड कोरडे आहेत ना ते बघा. खाली वाकून बघताना केस, ओढणी, शर्टाची बाही पंख्यापासून लांब. मग गावातच पाच किलोमीटर फिरवून आणा, गाडी थंड होऊ द्या, आणि क्लिपा पुन्हा एकदा हाताने चाचपा. रबर पहिल्यांदा तापून बसलं की क्लिप अर्धा वेढा ढिली झालेली सापडते. मागवलेला पाइप तीन आठवड्यांनी आला की तोच बसवा, आणि बसवताना क्लिपांना आतून-बाहेरून आणि त्यांच्या जागी पाइपाला वरून गंजरोधक रंग मारून घ्या.

त्याआधी कोल्हापूरला यायचंच झालं तर वैभववाडीला थांबून एकदा खाली बघा. मग करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबाल, तेव्हा इंजिन चालू ठेवून गाडीखाली पांढरा कागद सरकवा आणि चहा संपेपर्यंत तसाच राहू द्या.